पोटाच्या ऑपरेशननंतर रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दिलेलं इंजेक्शन घरी बंद केलं तर चालेल का?

तुमच्या आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, टाके अजून ओले आहेत, मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन कशाला आणि घरी गेल्यावर बंद करू का असं विचारलंय तुम्ही. मी बेळगावात सर्जिकल वॉर्डला सिस्टर आहे, खानापूर निपाणीकडनं येणारे नातेवाईक रोज हेच विचारतात.

बंद करू नका, डॉक्टरांनी सांगेपर्यंत अजिबात नाही. ऑपरेशन झालं की शरीर रक्त गोठवायच्या मागेच लागलेलं असतं, त्यात पेशंट तासन्‌तास आडवा, पोटऱ्या हलत नाहीत, आणि कॅन्सरमधे रक्त तसंही जास्त गोठतं. पोटरीच्या शिरेत गाठ होते, ती सुटून फुफ्फुसात अडकली तर चांगला बरा होत आलेला माणूस बघता बघता जातो. १९७५ साली ४ हजारांवर पेशंटवर हेपॅरिनची, म्हणजे याच जातीच्या रक्त पातळ करायच्या इंजेक्शनची, मोठी चाचणी झाली, त्यात इंजेक्शन न दिलेल्यांत अशा गाठीनं १६ जण गेले, दिलेल्यांत २. थोडा रक्तस्रावाचा धोका असतोच, डॉक्टर तो बघूनच डोस ठरवतात, किडनी कमजोर असेल तर कमी करतात. धोका डिस्चार्जबरोबर संपत नाही, म्हणून कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनला बऱ्याचदा ४ आठवडे देतात.

घरी देताना नाभीपासनं निदान दोन इंच लांब, टाक्यांपासनं दूर, कातडी चिमटीत धरून सुई सरळ आत, औषध पूर्ण जाईपर्यंत चिमटी सोडायची नाही. नंतर चोळू नका, चोळलं की काळंनिळं होतं. कंपनीतनं औषध भरूनच आलेली सिरिंज असेल आणि ती पूर्ण द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो काढताना औषधच सांडतं. रोज बाजू बदला.

आणि आईला चालवा हो! टाके उसवतील म्हणून मावशी आत्या सगळ्या मिळून पेशंटला कॉटवरनं उतरूच देत नाहीत, पाणीसुद्धा हातात आणून देतात, माया असते ती, पण पाय तसेच पडून राहतात. उठताना पोटावर उशी धरायला सांगा, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातनं चार-पाच वेळा अंगणात थोडं थोडं फिरवा, पडल्यापडल्या पावलं वरखाली करायला लावा. गाठ होऊ नये म्हणून घट्ट पायमोजे दिले असतील तर ते गुडघ्याशी गुंडाळून ठेवू नका, तिथंच आवळतं.

एकच पाय सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर तेल लावून मालिश अजिबात करू नका, त्याच दिवशी दाखवा. जखमेतनं रक्त येत राहिलं किंवा शौचाला काळं झालं तरी लगेच फोन करा, आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधनं परस्पर गोळी आणू नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. एकदम दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातनं रक्त आलं तर सकाळची वाट बघत बसू नका, १०८ लावा आणि ऑपरेशन झालंय, हे इंजेक्शन चालू आहे, एवढं आधी सांगा.