संध्याकाळी दमून आल्यावर घरात असेल त्या सामानातून झटपट पास्ता कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नुकत्याच इंदूरला आलात, घरी पोचायला साडेसात-आठ होतात, फडताळात पास्त्याचं पाकीट आणि फ्रिजमध्ये टोमॅटो, कांदे, दूध, चीजचे क्यूब एवढंच असतं. पास्ता करता, पण एकतर त्याचा गोळा होतो, नाहीतर सॉस ताटलीच्या तळाशी आणि पास्ता वर कोरडा. तयार सॉसची बाटली न आणता अर्ध्या तासात चांगला पास्ता होईल का, असा प्रश्न आहे. नक्की होईल. आमच्याकडे इथल्याच रामबागेत रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि आठवड्याच्या मधल्या वारी पास्ता बऱ्याचदा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पास्ता आधी पूर्ण शिजवायचा, चाळणीत ओतायचा, वरून गार पाणी सोडायचं, चिकटू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा आणि मग कांदा-सिमला मिरचीबरोबर परतायचा, ही रीत आपल्याकडे घरोघरी दिसते. यात पास्त्याच्या अंगचा स्टार्च सगळा मोरीत जातो. सॉसमधलं तेल आणि पाणी एकजीव करून पास्त्याला धरून ठेवणारा असतो तो हाच स्टार्च. तो गेला, वर तेलाचा थर बसला, की सॉस अंगाला लागणार कसा?

वरणफळं आठवून बघा. कच्ची फळं उकळत्या वरणात पडतात, तिथेच शिजतात आणि त्यांच्याच पिठाने वरण दाटतं. फळं वेगळी उकडून, धुऊन मग वरणात कुणी सोडत नाही. पास्ताही असाच करायचा. पाण्यात जवळजवळ शिजवायचा आणि शेवटची दोन मिनिटं सॉसमध्ये, त्याच्याच पाण्याबरोबर. एवढं एक सांभाळलंत तर बाकी सगळं घरात काय आहे त्यावर सोडून देता येतं.

आता हाताळणी. दोन माणसांच्या पोटभर जेवणाला २०० ग्रॅम पास्ता घ्या. इटालियन घरांतला हिशेब १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असा आहे, पण आपल्या कामाला दीड लिटर पुरतं. पाणी कमी असलं की लवकर उकळतं आणि त्यात स्टार्चही दाट उतरतो. मीठ चहाचे दोन चमचे. सॉसमध्ये चीज घालणार असाल तर एकच, कारण क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं. विजेची किटली असेल तर निम्मं पाणी तिच्यात आणि निम्मं गॅसवर ठेवा, पाच-सहा मिनिटं वाचतात. पाण्यात तेल घालू नका, ते वर तरंगतं आणि पास्ता काढताना त्यालाच माखतं. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटं नीट ढवळा, तेवढं पुरे.

पाकिटावर जी मिनिटं लिहिलेली असतात ती जशीच्या तशी धरू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे पास्त्याला इथे किंचित जास्त वेळ लागतो. खरी परीक्षा दाताखाली. पेन्नेचा, म्हणजे आखूड नळीसारख्या पास्त्याचा, एक तुकडा काढून मधोमध चावा आणि कापलेली कड दिव्याकडे धरून बघा. आत खडूसारखं पांढरं कडं स्पष्ट दिसलं तर अजून कच्चा आहे. ते बारीक होऊन नुसती पुसट रेघ उरली की गॅस बंद करा. आता एक मोठी वाटी भरून ते गढूळ पाणी बाजूला काढा, आणि हे चाळणी हातात घेण्याआधी करा. मी तर चाळणी वापरतच नाही, झाऱ्याने उचलून थेट सॉसच्या कढईत टाकतो. पाणी पातेल्यातच राहतं, लागेल तसं घेता येतं.

पास्ता शिजेपर्यंत दुसऱ्या शेगडीवर सॉस. घरात अगदीच काही नसेल तर लसणाचा करा. मला सगळ्यांत आवडतो तोही हाच, आणि पास्त्याबद्दल जे काही शिकायचं ते याच्यात शिकून होतं. सात-आठ पाकळ्यांचे पातळ काप करा, ठेचू नका. मोठे तीन चमचे तेल गार असतानाच त्यात काप टाका आणि गॅस मंद ठेवा. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं चालतं. माळव्यात घरोघरी असतं ते सोयाबीनचंही चालतं, फक्त त्याला स्वतःची चव नाही, तेव्हा शेवटी लोण्याचा एक तुकडा घाला. लसणाच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या की दोन सुक्या लाल मिरच्या मोडून टाका आणि लगेच एक पळी पास्त्याचं पाणी. हे पाणी लसणाला तिथेच थांबवतं. एकदा तो तपकिरी झाला की अख्ख्या कढईत कडवटपणा उतरतो.

आता पास्ता घाला आणि गॅस मोठा करा. सुरुवातीला कढईत पाणी वेगळं आणि तेल वेगळं दिसेल, वर तेलाचे मोठे डोळे फिरत असतील. घाबरू नका, हलवत राहा. मिनिटभरात बुडबुडे बारीक होतात, तेलाचे डोळे नाहीसे होतात आणि सगळं दुधाळ होऊन पास्त्याला चढू लागतं. कढई तिरकी केली की तळाशी पाणी न वाहता दाटसर सॉस सावकाश सरकला पाहिजे. सुकं वाटलं तर अजून अर्धी पळी पाणी. कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून घाला आणि लगेच वाढा.

दक्षिण इटलीत गरिबाघरी चीज परवडायचं नाही, तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून या पास्त्यावर घालायचे, आजही घालतात. आपल्याकडे उरलेला पाव किंवा ब्रेडच्या कडा असतातच, दोन मिनिटांत होतात. इंदूरकर म्हणून सांगायचं तर लवंगेची सेवसुद्धा इथे शोभते, लवंग आणि मिरचीचा झणका लसणाला छान जातो. मात्र ती ताटात, खाताना घ्यायची. कढईत टाकलीत तर बेसन पाणी पिऊन लगदा होतं.

टोमॅटोच्या सॉसला जरा जास्त वेळ लागतो, पण तोही पास्ता शिजेपर्यंत होतो. २०० ग्रॅम पास्त्याला चार मध्यम टोमॅटो लागतात. चिरत बसू नका. आडवे दोन भाग करा आणि कापलेली बाजू किसणीवर घासा, गर खाली पडतो आणि साल हातात राहते. तेलात लसूण आणि अर्धा बारीक कांदा, मग हा गर, मीठ, आणि टोमॅटो फार आंबट असतील तर चिमूटभर साखर. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कडेने तेल सुटेपर्यंत आटवा. आपल्या रश्शाला जे बघायची सवय आहे तेच इथे बघायचं. जुलैच्या सुमाराला टोमॅटो महाग आणि पाणचट मिळतात, तेव्हा फडताळात प्युरीचा छोटा डबा असू द्या. केचप मी घालत नाही, त्याच्या गोडीखाली बाकी सगळं दबतं.

ओरेगानो विकत घ्यायची घाई नको. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या फ्रिजच्या दारात पडलेल्या असतील, त्या तळहातावर चोळून गरम तेलात टाका, वर भुरभुरवू नका. त्याही नसतील तर ओवा, पण अगदी चिमूटभर. ओव्याचा वास थायमॉल नावाच्या ज्या सुगंधी द्रव्यामुळे असतो त्याच जातीचा वास ओरेगानोतही असतो, त्यामुळे परकं काही लागत नाही. आणि कांदा-लसूण न खाणारे जैन शेजारी किंवा ऑफिसातलं कुणी जेवायला आलं, जे इंदुरात हमखास घडतं, तर तेलात हिंग घालून टोमॅटोचाच करा, वर भाजलेली सिमला मिरची.

पांढऱ्या सॉसचं लोक उगाच दडपण घेतात. लोणी एक मोठा चमचा, मैदा एक मोठा चमचा, मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता, मग कपभर दूध थोडं थोडं करत घाला. त्याहूनही सोपं असं की दूध आणि पास्त्याचं पाणी निम्मं-निम्मं गरम करा, त्यात चीजचे दोन क्यूब कुस्करा आणि पास्ता घाला. क्यूबच्या चीजला कमी लेखतात, पण त्यात मुळातच चीज एकजीव ठेवणारे क्षार घातलेले असतात. म्हणून ते उकळीतही फुटत नाही, गुळगुळीत वितळतं. घाईच्या रात्री हा मोठाच आधार आहे. घरची साय असेल तर ती गॅस बंद केल्यावर. चक्काही छान लागतो, पण तोही विस्तवावरून उतरवल्यावरच, नाहीतर फाटतो.

पोट भरेल असं काही हवं असेल तर वेगळी भाजी करत बसू नका. मटार असतील, थंडीत ओले नाहीतर एरवी फ्रीझरमधले, ते पास्त्याच्या पाण्यातच शेवटची दोन-तीन मिनिटं सोडा. सकाळच्या उसळीसाठी उकडलेले काबुली चणे उरले असतील तर मूठभर टोमॅटोच्या सॉसमध्ये घाला, त्यातले थोडे पळीने चेचा. इटलीत चण्यांचा पास्ता हे रोजच्या घरगुती जेवणातलं अन्न आहे.

प्रेशर कुकरमध्ये एका शिट्टीत होतो असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. होतो, पण आत काय चाललंय ते बघता येत नाही, आणि पास्त्यात एका मिनिटाचाही फरक पडतो. मी तो मार्ग सुचवणार नाही. आमच्या आईला पास्ता मऊ लागतो, तर तिच्या वाटणीचा कढईतच पळीभर पाणी जास्त घालून दोन मिनिटं पुढे ठेवतो.

गोळा होण्याचं आणखी एक कारण पाकिटातच असू शकतं, म्हणून ते उलटून बघा. घटकांत पहिलं नाव ड्युरम गव्हाच्या रव्याचं पाहिजे. सुटी मिळणारी स्वस्त मॅकरोनी बऱ्याचदा मैद्याची असते, ती बाहेरून बुळबुळीत आणि आतून कच्ची राहते, तिला कितीही जपलंत तरी. ड्युरम म्हणजे आपला माळव्याचा कठिया गहू, टणक, पिवळसर, बाफले-बाटीच्या जाडसर पिठाचा. त्यातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते, ती बराचसा स्टार्च उकळत्या पाण्यातही धरून ठेवते, म्हणून पास्ता आकार धरून राहतो. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गहू संशोधनाचं केंद्र १९५१पासून इथे इंदुरात आहे आणि मालवशक्ती, पूसा मंगल, पूसा तेजस ही ड्युरमची वाणं तिथेच तयार झाली. पास्ता परदेशी पदार्थ म्हणून कुणी नाक मुरडलं तर मी त्यांना हे आवर्जून सांगतो, कारण ज्या गव्हाचा तो होतो तो आपल्या शहराबाहेरच्या शेतांत पिकतो.

एकदा सियागंजच्या किराणा बाजारात चक्कर मारून सुक्या मिरच्या आणि पास्त्याची तीन-चार पाकिटं आणून ठेवा. पेन्ने आणि स्पॅगेटी एवढे दोन आकार पुरतात. तेलाच्या सॉसला स्पॅगेटी, टोमॅटो आणि दुधाच्या सॉसला पेन्ने. लसूण रविवारी सोलून बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवलात तर आठवड्यातली सगळ्यात कंटाळवाणी पाच मिनिटं वाचतील. तेलात बुडवून मात्र साठवू नका, त्यात विषारी जंतू वाढायची भीती असते.

दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचा असेल तर तेवढा भाग सॉस पातळ असतानाच काढून घ्या, रात्रभरात पास्ता उरलेलं पाणी पितो. निवला की लगेच फ्रिजमध्ये. ऑफिसात गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट, मध्ये एकदा ढवळून.