काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे स्कॅन : वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ आहे. तीन महिन्यांपूर्वी नाशिकमध्येच तिच्या उजव्या डोळ्यावर काचबिंदूची ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रिया झाली. आधी डोळ्याचा दाब ३२ होता, महिन्याभराने तो ११ झाला आणि मागच्या भेटीत १७ निघाला. त्या दिवशी केलेल्या ओसीटीच्या (प्रकाशकिरणांनी डोळ्यातील थरांचा छेद दाखवणाऱ्या स्कॅनच्या) अहवालात डोळ्याची नस पूर्वीइतकीच लाल दाखवली आहे. आता डॉक्टरांनी डोळ्याच्या पुढच्या भागाचा आणखी एक ओसीटी करून आणायला सांगितला आहे. दाब तर मोजलेलाच आहे, मग हा स्कॅन कशासाठी? आणि नस सुधारली नसेल, तर शस्त्रक्रियेचा उपयोग काय झाला?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर आपले लक्ष दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची नाशिकची जुनी रीत आहे आणि ती उपयोगाचीही आहे. परंतु पाणी वरून जास्त सोडले म्हणून चढले की खाली कुठे तुंबले म्हणून, हे मारुती सांगू शकत नाही. डोळ्याच्या दाबाचा आकडा असाच आहे. तो पातळी सांगतो, कारण सांगत नाही. आणि आपल्या आईंच्या डॉक्टरांना या घडीला कारण हवे आहे.

केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेल्या या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या कवचात एक बारीक झडप तयार करून आतील द्रवाला बाहेर पडण्यासाठी नवी वाट काढून दिली जाते. हा द्रव वरच्या पापणीखाली, डोळ्यावरच्या पातळ पारदर्शक पडद्याच्या आड साठतो आणि तेथून हळूहळू शोषला जातो. तेथे जो फुगवटा दिसतो त्याला ब्लेब म्हणतात. जखम पूर्ण भरून येऊ नये अशी इच्छा शल्यचिकित्सकाला ज्या मोजक्या शस्त्रक्रियांत असते, त्यांपैकी ही एक. कारण शरीराने नेहमीच्या शिस्तीने व्रण धरला की वाट बुजते. मायटोमायसिनसारखे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात ते हा व्रण रोखण्यासाठीच.

दाब ११ वरून १७ झाला, तेव्हा वाट बुजू लागली आहे का, आणि बुजत असेल तर नेमकी कुठे, हा प्रश्न उभा राहतो. स्लिट लॅम्पखाली (दवाखान्यातील डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) ब्लेबचा वरचा पृष्ठभाग दिसतो, आतली रचना दिसत नाही. पुढच्या भागाच्या ओसीटीत प्रकाशकिरणांच्या साहाय्याने ब्लेबचा उभा छेद पडद्यावर उमटतो. भिंत जाड, पण स्पंजासारखी सच्छिद्र आणि काळसर दिसली, तर द्रव तिच्यातून झिरपत आहे असे मानायला आधार मिळतो. ब्लेब सपाट आणि सर्वत्र घट्ट पांढरट दिसला, तर व्रणाची शंका येते. तिसरी शक्यता अधिक फसवी असते : वरून फुगवटा चांगला टपोरा दिसतो, मात्र छेदात द्रवाच्या एका मोठ्या पोकळीभोवती घट्ट आवरण आढळते, म्हणजे पाणी बाहेर आले खरे, पण पुढे जायला जागा नाही. कवचावरची झडप खाली चिकटली आहे का, हेही पुष्कळदा या स्कॅनमध्ये कळते.

उपाय या उत्तरावर ठरतो. कधी स्टेरॉइडचे थेंब लांबवणे पुरते, कधी झडपेवरचा टाका लेसरने सोडवतात (मात्र त्याचा उपयोग पहिल्या काही आठवड्यांत अधिक), तर कधी बारीक सुईने ब्लेबमधील व्रण मोकळा करावा लागतो. स्कॅनला काही मिनिटे लागतात आणि यंत्र डोळ्याला लागत नाही, ही ताज्या शस्त्रक्रियेनंतर मोठी सोय आहे. मात्र हा प्रकाश बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या मागे नीट पोहोचत नाही. तिथले पाहायचे असल्यास उच्च वारंवारतेची सोनोग्राफी लागते. माझे मत विचाराल तर दाब स्थिर आणि ब्लेब सुस्थितीत असलेल्या रुग्णाला हा स्कॅन दर भेटीत सांगू नये. आपल्या आईंच्या बाबतीत मात्र तो सकारण आहे. १७ हा आकडा निरोगी डोळ्याला चालतो. नस आधीच दुबळी असेल तर डॉक्टर त्याहून खालचे लक्ष्य ठरवतात, आणि येथे चढता कल हीच काळजीची बाब आहे.

आता लाल रंगाविषयी. अहवालातील लाल रंग एवढेच सांगतो की नसेतील मज्जातंतूंच्या थराची जाडी त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या नोंदींशी ताडल्यास सर्वांत खालच्या १ टक्क्यात येते. गेलेले तंतू कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाहीत, त्यामुळे लाल हिरवे होण्याची वाट पाहू नये. उरलेले तंतू टिकावेत, एवढ्यासाठीच ही शस्त्रक्रिया केली जाते. ‘पूर्वीइतकीच लाल’ हे आपण तक्रार म्हणून लिहिले आहे, पण मला ती समाधानाची बातमी वाटते. उलट दाब एकदम उतरल्यावर नसेतला खळगा थोडा उथळ होतो आणि थराची जाडी काही मायक्रॉनने वाढलेली दिसू शकते. त्यावरूनही नवे तंतू आले असे समजू नये. म्हणूनच जुन्या अहवालाशी तुलना करत बसण्यापेक्षा दाब स्थिरावल्यावर नवा स्कॅन घेऊन त्यालाच पुढचा पाया मानणे योग्य, आणि तो शक्यतो त्याच यंत्रावर करावा, कारण दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अहवालावर सिग्नलचा, म्हणजे चित्र किती स्पष्ट आले याचा, आकडा छापलेला असतो, तोही पाहावा. या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदू वाढण्याची शक्यता असते. त्यामुळे चित्र धूसर येते आणि नस आहे त्याहून पातळ भासते.

फील्डची, म्हणजे नजरेच्या आवाक्याची, तपासणी कंटाळवाणी असली तरी सोडू नका. तंतूंचा थर साधारण ५० मायक्रॉनपर्यंत उतरला की त्याखाली ओसीटीला फरक कळेनासा होतो, कारण मग जे मोजले जाते त्यात रक्तवाहिन्या आणि आधारपेशीच उरतात. दृष्टी मात्र त्यानंतरही कमी होऊ शकते आणि ते फील्डमध्येच दिसते.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी माझी अशीच शस्त्रक्रिया झाली आहे. बागेत फवारणी केल्यापासून दोन दिवस तो डोळा लाल आहे आणि उजेड सहन होत नाही. मोबाइलवर डोळ्याचा फोटो काढून दवाखान्यात पाठवला तर चालेल का, की थेट स्कॅनच करून घेऊ?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : दोन्ही नको, हे उत्तर छापून येईपर्यंतही थांबू नये, म्हणून आपल्याला स्वतंत्रपणे कळवले आहे. ब्लेबची भिंत पातळ असू शकते आणि तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे राहतो. लाली, प्रकाश सहन न होणे, दुखणे, चिपडे येणे किंवा नजर अंधूक होणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. संसर्ग आत पसरला तर काही तासांत दृष्टीचे कायमचे नुकसान होऊ शकते. फोटोत लाली दिसेल, पण ब्लेबमध्ये पू आहे का किंवा तो गळतो आहे का, हे ठरवता येणार नाही. गळती शोधण्याची पद्धत साधी आहे : डोळ्यात केशरी रंगद्रव्य लावून निळ्या प्रकाशात पाहिले की झिरपणारा द्रव वेगळा उठून दिसतो, त्यासाठी स्कॅनची गरज नसते. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नका. फवारणीच्या औषधाचे नाव असलेली बाटली सोबत न्या, म्हणजे हा त्रास रसायनाचा की संसर्गाचा, हे ठरवणे डॉक्टरांना सोपे जाईल.