मल्टिस्केल मॉडेलिंग सिव्हिलवाल्यानं शिकावं का, की ते फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांचं काम?

शिकावं. मल्टिस्केल मॉडेलिंग म्हणजे एकच गोष्ट रेणूपासून पायापर्यंत वेगवेगळ्या पातळ्यांवर गणितात मांडायची आणि त्या पातळ्या एकमेकींना जोडायच्या. आणि "हे आपलं काम नाही" म्हणणाऱ्याला मे महिन्यात यवतमाळकडच्या काळ्या वावरात उभं करावं. आख्खा हात आत जाईल अशा भेगा असतात. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि वरचं घर तिरपं चिरते.

आमच्या मामांचं घर असंच चिरलं. मामा स्वतः ठेकेदार. दर दिवाळीला चिरा बुजवून रंग मारत. मी तेव्हा एमटेकला होतो. म्हटलं, फुगण्याच्या मुळाशी जाऊ. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याचा एक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड. दोन पापुद्र्यांच्या मधात पाणी शिरतं, म्हणून माती फुगते. मधात सोडियम असलं तर जास्त, कॅल्शियम असलं तर कमी. चुन्यात कॅल्शियम असतं, म्हणून तर तो टाकतात. मामा म्हणाले, "काहून बे, अणू मोजून पाया भरते का कोणी?" गाइडही तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत. हे फिजिक्सवाल्यांचं काम म्हणत विषय बदलायला लावला. काँक्रीटचे क्यूब फोडून डिग्री घेतली.

आता मुद्द्याचं. रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये एक पाऊल साधारण १ फेम्टोसेकंदाचं, म्हणजे सेकंदाचे १ वर १५ शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक. पावसाळा धरा १ कोटी सेकंदांचा. म्हणजे १ वर २२ शून्यं इतकी पावलं! कोणता संगणक चालवणार? म्हणून खाली रेणूंवरून फुगण्याचा दाब काढायचा, मधल्या पातळीवर कण आणि छिद्रं धरून सरासरी घ्यायची, आणि ती वर पायाच्या फायनाइट एलिमेंटला (छोटे तुकडे पाडून ताण मोजायच्या गणिताला) द्यायची. केमिस्ट्रीत तर दोन पातळ्या एकदमच चालवतात. वॉर्शेल आणि लेविट या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लायसोझाइम या एन्झाइममध्ये अभिक्रिया होते तेवढ्याच भागाला क्वांटम यांत्रिकी लावलं, बाकीच्याला साधं यांत्रिकी. २०१३ मध्ये कारप्लससोबत त्यांना नोबेल मिळालं, रसायनशास्त्राचं. आमच्या गाइडनी त्यांनाही फिजिक्सला पाठवलं असतं.

कोर्स कोणता ते तुम्ही पाहा. सॉफ्टवेअरपैकी रेणूंचं सिम्युलेशन करणारं लॅम्प्स (LAMMPS) फुकट आहे, तिथून सुरू करा. गाइड मात्र असा निवडा ज्याला दुसऱ्या डिपार्टमेंटचा जिना चढायची लाज वाटत नाही. बाकी मार्क, पेपर सगळं नंतर.

हो, पीडब्ल्यूडीच्या परीक्षेत यातलं काही येत नाही. आणि भेग पडली की सरासरीचं गणितच लंगडं होतं, कारण भेग एकाच जागी उघडते आणि सरासरीत दिसत नाही. हे गाइडनी म्हटलं असतं, तर मी गुमान ऐकलं असतं. त्यांनी माझ्या सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं, दुसरं पानच उलटलं नाही.