सहलीचा तक्ता कुणाचा, धावपळ कुणाची?

सुट्टी जवळ आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सगळं आधी ठरवायला बसलं की घरात भांडण होतं, आणि नाही ठरवलं तर तिथं जाऊन होतं. करायचं काय?" वर्षातून एकदाच चार मोकळे दिवस मिळणाऱ्या घरासाठी हा प्रश्न मुळीच किरकोळ नाही. सांगलीतल्या एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

ताई शिक्षिका, दादांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. घरी दादांची आई, सातवीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचं ठरलं. सांगलीहून हे अंतर जवळपास तीनशे किलोमीटर. इस्लामपूर, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे करत एक्स्प्रेसवेला लागायचं, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच. ताईंनी महिनाभर आधीपासून वहीत तक्ता केला. कुठली राइड किती वाजता, जेवण किती वाजता, आजींची गोळी किती वाजता. दादांनी ती वही उघडूनसुद्धा पाहिली नाही. आत गेल्यावर दुसऱ्याच राइडला ते म्हणाले, "चल, इकडं गर्दी कमी दिसतीय, आधी हे करू." तिथून तक्ता कोलमडला. दुपारी मुलगा भुकेने रडायला लागला, आजींचे गुडघे धरले, आणि मोठ्या रोलर कोस्टरपाशी पोहोचल्यावर कळलं की मुलगा उंचीच्या अटीत बसत नाही. परतताना कराड येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

माझ्यासमोर बसल्यावर दादा म्हणाले, "मॅडम, वर्षभर मी घड्याळावर पळतो. सौद्याची वेळ, गाडी भरायची वेळ, शेतकऱ्याची पट्टी द्यायची वेळ. सुट्टीत तरी सुटावं की नको?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "यांना मनाला येईल तसं फिरता येतं, कारण मागून पोराचा खाऊ, आईंची गोळी, बाथरूम कुठं आहे, हे सगळं मी बघत असते."

भांडणाचं मूळ मला या वाक्यात दिसलं. ऐनवेळी बेत बदलण्याचा आनंद एकाचा आणि त्यानंतरची धावपळ दुसऱ्याची, असं त्या घरात वर्षानुवर्षं चाललं होतं. ताईंचा तक्ता हा हुकूम नव्हता. आपल्यावर शेवटी काय येऊन पडणार हे माहीत असलेल्या बाईने केलेली ती तजवीज होती. अशा बाईला "जरा मोकळी हो" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्या डोक्यावरचं ओझं कुणी घेतल्याशिवाय ती मोकळी होणार कशी?

शिवाय थीम पार्कमध्ये आखणीला खरोखर किंमत असते. एका राइडवर तासाला ठरावीकच माणसं बसू शकतात. दरवाजे उघडल्यावरच्या पहिल्या तासात रांगा लहान असतात, मग त्या वाढत जातात आणि बंद व्हायच्या सुमारास पुन्हा ओसरतात. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांनी १९९९ मध्ये फास्टपास आणला: ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि मोठी रांग टाळायची. पुढे फ्लोरिडाच्या पार्कांत ही वेळ कित्येक दिवस आधी घरबसल्या राखून ठेवता येऊ लागली. २०२१ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि पैसे भरून रांग टाळायची सोय आली. अशी ठिकाणं आधी विचार करून येणाऱ्यालाच झुकतं माप देतात, हे मी दादांना स्पष्ट सांगितलं.

पण दादा चुकीचं बोलत नव्हते. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोक या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर काम प्रसिद्ध केलं. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी विद्यार्थ्यांना फुकट कॉफी आणि बिस्किटं देऊ केली. काहींना ठरलेल्या वेळीच यायचं होतं, काहींना दोन तासांत केव्हाही. नेमकी वेळ ठरवून आलेल्यांना त्यातली मजा कमी वाटली. आनंदाच्या गोष्टीला मिनिटांची वेळ बांधली की ती कामासारखी वाटायला लागते. ढोबळ आखणीने मात्र तसं होत नाही, आणि मला हा भाग सगळ्यात उपयोगाचा वाटतो.

म्हणून आम्ही तो तक्ता पुन्हा लिहायला घेतला. जे संपतं, भरतं किंवा चुकलं तर दिवस वाया जातो, तेवढंच पक्कं: तिकिटं, मुक्काम, औषधं, पहिल्या तासातल्या एक-दोन राइड. मुलाची उंची घरी भिंतीला उभं करून मोजायची आणि राइडच्या अटी आधी त्याला सांगायच्या. सहा वर्षांचं मूल रांगेतून मागे फिरतं तेव्हा त्याला फार लागतं. बाकी सगळं 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' एवढंच. आणि एक अट: ज्याने बेत बदलला, त्यानेच पुढच्या दोन तासांचं खाणं, औषध, मुलं, सगळं सांभाळायचं. दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही, टोमणाही मारायचा नाही.

आजींना कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढच्या भेटीत त्यांना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "मला रांगेत नका उभं करू. सावलीत बसवा आन् चहा कुठं मिळतो तेवढं सांगा. मी पोरांकडं बघत बसती."

पहिला प्रयोग लहान करायला सांगितला. सप्टेंबरमध्ये ते कासला गेले. फुलांच्या हंगामात तिथं आधी नोंदणी करावी लागते, ती ताईंनी केली. पठार पाहून झाल्यावर दादांनी गाडी ठोसेघरच्या धबधब्याकडे वळवली. आता अट लागू झाली. मुलाला भूक लागली, भजी तिखट, म्हणून दादांनी टपरीवाल्याला विनंती करून बिनमिरचीचे पोहे करून घेतले, मग पाण्याची बाटली, मग आजींसाठी खुर्ची. "मॅडम, धबधबा मी पाच मिनिटंच बघितला," असं सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. ही रोज असं करते, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

ताईंनाही सोपं गेलं नाही. मुलीशेजारी बसून त्या धबधबा बघत होत्या, पण हात सारखा पिशवीकडे जात होता. ही सवय एका सहलीत सुटत नाही आणि ती लगेच सुटावी असा माझा आग्रहही नाही. मात्र सहलीच्या विचाराने आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, छातीत धडधडत असेल, तर प्रश्न सहलीपुरता राहत नाही. मग समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला स्वतंत्रपणे भेटावं.

आता मे महिन्यात सिंगापूरला जायचं त्यांच्या मनात आहे, सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजसाठी. या वेळी वही दादांनी मागून घेतली आहे. वाद एकच उरलाय, आजींना एवढ्या लांब न्यायचं की नाही. पुढच्या आठवड्यात मी तिघांनाही बोलावलंय आणि आधी आजींचंच ऐकणार आहे.