‘वांशिक आणि जातीय’ खटकतं, ते का?

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहराची माहिती मराठीत लिहायची आहे. मूळ मजकुरात लोकसंख्येच्या ‘रेशियल अँड एथ्निक मेकअप’वर एक परिच्छेद आहे. भाषांतराच्या यंत्रानं त्याचं ‘वांशिक आणि जातीय रचना’ केलं. ‘जातीय’ कानाला खटकतं, पण ‘वांशिक’ तर रेशियलसाठी खर्ची पडलेला. मग एथ्निकला मराठीत काय म्हणायचं?

खटकतं ते बरोबरच आहे. हा ‘जातीय’ हिंदीतून आलाय. हिंदीत ‘नस्लीय और जातीय’ अशी जोडी रुळलेली आहे. यंत्रानं ‘नस्लीय’चं ‘वांशिक’ केलं आणि ‘जातीय’ तसाच ठेवला. मराठीत ‘जातीय’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात, जात किंवा दंगल. जातीय सलोखा, जातीय तेढ, जातीय समीकरणं. फ्रीमाँटची ‘जातीय रचना’ वाचणाऱ्याला वाटेल की तिथल्या देशस्थ-कोकणस्थांची मोजदाद चाललीय. (बंगालीत हाच शब्द ‘राष्ट्रीय’ या अर्थानं चालतो, बांगलादेशाचं राष्ट्रगीत म्हणजे ‘जातीय संगीत’. एकाच संस्कृत शब्दाचे तीन भाषांत तीन संसार.)

आता ‘वंश’. रेससाठी हा शब्द पक्का धरायला हरकत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या मराठी पाठात ‘धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान’ अशी ओळ आहे, म्हणजे रेसला वंश आणि कास्टला जात ही वाटणी तिथे झालेली आहे. पण बोलण्यात वंश म्हणजे कुळी: रघुवंश, वंशवेल, वंशाचा दिवा. वर्तमानपत्रं ‘भारतीय वंशाच्या कमला हॅरिस’ लिहितात, तेव्हाही तिथे वंश म्हणजे रेस नव्हे, मूळ. त्यात ‘वांशिक’ हे विशेषण तर दोन्हीकडे ओढलं जातं. मणिपूरमधल्या मैतेई-कुकी संघर्षाला आपण ‘वांशिक हिंसाचार’ म्हणतो आणि तिथे नेमका एथ्निक हाच अर्थ असतो. याउलट रेसिझमसाठी आपण ‘वर्ण’ घेतला: वर्णद्वेष, वर्णभेद. थोडक्यात, मराठीनं रेसचे दोन तुकडे केले आणि एथ्निक त्यातल्याच एकात कोंबला.

म्हणून सर्वसाधारण लेखनात एथ्निक ग्रूपसाठी मी ‘लोकसमूह’ वापरीन आणि एथ्निसिटीसाठी साधा ‘मूळ’. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतोच; एथ्निसिटीची चौकशी म्हणजे दुसरं काय असतं? ‘वांशिकता’, ‘नृजातीयता’ हे शब्द परिभाषाकोशात शोभतात, परिच्छेदात मात्र दाताखाली खड्यासारखे येतात.

पण खरी मेख पुढेच आहे. मूळ मजकुरातला एथ्निक हा सर्वसाधारण अर्थाचा नाहीच. अमेरिकी जनगणनेच्या १९९७च्या निकषांत एथ्निसिटीचे पर्याय दोनच: हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (म्हणजे मेक्सिको, क्यूबा अशा स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) असणं, अथवा नसणं. बस्स. चिनी, भारतीय, फिलिपिनो यांतला फरक त्या अर्जात वंशाच्या प्रश्नाखाली येतो. तेव्हा इथे ‘लोकसमूह’सुद्धा दिशाभूल करील. सरळ ‘वंश आणि लॅटिनो मूळ’ असं लिहावं.

हे नीट न कळल्यामुळे काय बिघडतं ते फ्रीमाँटच्याच २०१०च्या आकड्यांवर पाहा. एकूण लोकसंख्या २,१४,०८९. आशियाई १,०८,३३२ (५०.६ टक्के), गोरे ७०,३२० (३२.८), इतर वंश १३,६०५ (६.४), दोन किंवा अधिक वंश १२,५८४ (५.९), कृष्णवर्णीय ७,१०३ (३.३), हवाई व पॅसिफिक बेटांवरचे १,१६९ (०.५), अमेरिकी मूलनिवासी ९७६ (०.५). बेरीज करा, शंभर टक्के भरतात. आणि त्यानंतर मूळ मजकूर सांगतो की हिस्पॅनिक किंवा लॅटिनो ३१,६९८, म्हणजे १४.८ टक्के. हा आकडा ‘तसेच १४.८ टक्के लॅटिनो आहेत’ असा यादीच्या शेपटाला जोडला की बेरीज ११४.८ होते आणि वाचक म्हणतो, गणित चुकलं. गणित ठीक आहे, चूक ‘तसेच’ची आहे. हे लोक वरच्या सात गटांत आधीच मोजलेले आहेत. कुणी गोऱ्यांत, बरेचसे ‘इतर वंशां’त. म्हणून वाक्य वेगळं करावं आणि ‘यांपैकी’नं सुरू करावं: ‘यांपैकी १४.८ टक्के लोक, वंश कोणताही असो, लॅटिनो मूळचे आहेत.’ मराठीत सगळा भार तो ‘यांपैकी’ उचलतो.

‘अलोन’ हा असाच एक खड्डा. तक्त्यात ‘एशियन अलोन’ असतं आणि यंत्र ‘एकटे आशियाई’ करतं. बिचारे! अर्थ एवढाच की त्यांनी एकाच वंशाच्या चौकटीत खूण केली. २०००च्या जनगणनेपासून एकाहून अधिक चौकटी निवडता येतात, म्हणून हा खुलासा लागतो. ‘केवळ आशियाई’ म्हणावं. ज्यांनी दोन खुणा केल्या त्यांना ‘दोन किंवा अधिक वंश’च म्हणावं, ‘मिश्रवंशीय’ एक वेळ चालेल, ‘संकरित’ मुळीच नाही. तो शब्द गाई-म्हशींना आणि कपाशीच्या बियाण्याला.

‘अमेरिकन इंडियन’ आणि ‘एशियन इंडियन’ यांची गल्लत तर हमखास होते. पहिले म्हणजे तिथले मूलनिवासी, दुसरे म्हणजे आपण. पहिल्याचं ‘अमेरिकी भारतीय’ केलं की फ्रीमाँटमध्ये भारतीय अर्धा टक्का उरतात. प्रत्यक्षात २०१०मध्ये ते अठरा टक्क्यांच्या आसपास होते, चिनी जवळपास तितकेच. ‘एशियन इंडियन’ ही चौकट १९८०च्या जनगणनेत आली. त्याआधी १९७०मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती आणि १९२० ते १९४०च्या तीन जनगणनांत ‘हिंदू’ हाच एक वंश होता, मग माणूस शीख का असेना. १९२३मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी शीख स्थलांतरिताच्या नागरिकत्वाच्या खटल्यात तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ‘कॉकेशियन’ (तेव्हाच्या शास्त्रीय वर्गवारीत गोऱ्यांचा वंश) असलात तरी सामान्य माणसाच्या भाषेत तुम्ही गोरे नव्हे. हे ठाऊक असलं की ‘वंश’ हा शब्द रक्तगटासारखा वापरावासा वाटत नाही. म्हणून ‘स्वतःला आशियाई म्हणवणारे’ असं निदान एकदा तरी लिहावं. उत्तर ज्याचं त्यानं दिलेलं असतं.

‘आशियाई’लाही जपावं. आशियाई क्रीडास्पर्धांत इराण उतरतो. १९९७च्या निकषांत मात्र इराणी आणि अरब ‘गोरे’. फ्रीमाँटमधली अफगाण वस्ती अमेरिकेत नावाजलेली आहे, एका भागाला ‘लिटल काबूल’च म्हणतात, पण २०१०च्या अर्जावर ‘अफगाण’ अशी छापील चौकट नव्हती. आडनावांवरूनही जाऊ नये. गोव्याचे फर्नांडिस किंवा डिसूझा फ्रीमाँटला राहायला गेले तर हिस्पॅनिक होत नाहीत. हिस्पॅनिकचं ‘स्पॅनिश’ही करू नये, ते बहुतांशी मेक्सिकोकडचे असतात.

‘सबर्बन सिटी’चं काय, असं पुढे विचारलं आहे. मुंबईकराला उपनगर म्हणजे अंधेरी, मुलुंड, महापालिका एकच. फ्रीमाँटचा महापौर स्वतंत्र. १९५६मध्ये सेंटरव्हिल, नाइल्स, आयर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं जोडून ते शहर झालं. आपल्याकडे २००९मध्ये वसई-विरार महापालिका अशीच चार नगरपालिका आणि काही गावं मिळून झाली. ‘सॅन होजेजवळचं उपनगरी शहर’ पुरे.

‘मेकअप’ला ‘रचना’ चालेल, ‘घडण’ जास्त बरी. शीर्षकात तर ‘फ्रीमाँटमध्ये कोण कोण राहतं’ हेच उत्तम.

आणि मराठी माणसं किती, हा वाचकाचा पहिला प्रश्न असणार. वंशाच्या तक्त्यात ते सापडत नाहीत, धर्म अमेरिकी जनगणनेत विचारतच नाहीत. घरी बोलायच्या भाषेचा प्रश्न दरवर्षीच्या वेगळ्या पाहणीत असतो, पण तिच्या तपशीलवार तक्त्यातही अलीकडे ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’ अशी सामायिक ओळ असते. तो आकडा ‘मराठी भाषक’ म्हणून छापू नये.

परिच्छेद असा करता येईल: ‘२०१०च्या जनगणनेनुसार फ्रीमाँटमध्ये २,१४,०८९ लोक राहत होते. त्यांतले निम्म्याहून किंचित अधिक स्वतःला केवळ आशियाई म्हणवणारे, सुमारे एक तृतीयांश गोरे, ३.३ टक्के कृष्णवर्णीय. एकूण रहिवाशांपैकी १४.८ टक्के लोक, वंश कोणताही असो, लॅटिनो मूळचे होते.’ वर्ष गाळू नका. मार्च २०२४मध्ये ठरलेल्या नव्या नमुन्यात वंश आणि लॅटिनो मूळ हे दोन प्रश्न एकत्र केले आहेत, शिवाय मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र गट आला आहे. त्या नमुन्यानं केलेल्या मोजणीला हे शेवटचं वाक्य लागू पडणार नाही.