शनिवार-रविवारच्या मास्टर्सचा हिशेब

प्रश्न : मी लातूरची, वय २९. ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचारांची, पदवी आहे. लहान मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये २८ हजार पगार मिळतो. शनिवार-रविवारी घरोघरी सेशन्स घेते, पाचशे रुपये सेशनप्रमाणे त्यातून महिन्याला १२ हजार सुटतात. पुण्यातली एक खासगी संस्था शनिवार-रविवारच्या वर्गांवर दोन वर्षांत मास्टर्स होईल म्हणते. फी ३ लाख ६० हजार. बाबा औशाकडची एकरभर जमीन विकायला तयार आहेत. प्रवेश घेऊ का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. आणि जमिनीला तर हातच लावू नका. विकलेली जमीन नोकरदाराला परत घेणं होत नाही.

तुम्ही फी लिहिलीत, पण शनिवार-रविवारची किंमत धरलीच नाही. इतर नोकरदारांचा रविवार रिकामा असतो, तुमच्या कामात तो कमाईचा. पोरं आठवडाभर शाळेत, आईवडील कामावर, म्हणून सेशन्स याच दोन दिवशी मागतात. दोन वर्षांत ८० वेळा पुण्याला जावं लागलं असं धरू. दर खेपेला ३ हजारांची कमाई बुडणार, म्हणजे २ लाख ४० हजार. रात्रीची ट्रॅव्हल्स जाऊन-येऊन, एक मुक्काम, जेवणखाण, अगदी काटकसरीनं अडीच हजार. ते २ लाख. फी मिळवली की झाले ८ लाख. सोमवारी पहाटे गाडीतून उतरून थेट सेंटर गाठायचं, त्याचा भाव मला लावता येत नाही. शिवाय दोन वर्षं सोडलेली घरं परत तुमच्याकडेच येतील असंही नाही. मुलाची थेरपी थांबवता येत नाही, आईवडील दुसरं कुणीतरी बघतातच.

मास्टर्सनंतर पगार किती वाढेल, ते तुम्ही कळवलेलं नाही. महिना १० हजार वाढले तर हे ८ लाख निघायला साडेसहा वर्षांच्या वर लागतील. ५ हजारच वाढले तर तेरा वर्षांच्या वर. सेंटरच्या मालकांकडून आकडा काढून घ्या, जमलं तर लेखी. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मास्टर्स लागतंच.

पण पैशांच्याही आधी मान्यता. हे शिक्षण नुसतं वर्गात बसून होत नाही, रुग्णांसोबतचे तास भरावे लागतात. ते कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या देखरेखीखाली भरणार, विचारा. ‘बाकीचं ऑनलाइन’ असं उत्तर आलं तर विषय संपला. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली येणाऱ्या आरोग्य विषयांचे ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रम यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ मध्ये बंद केले, आणि ऑक्युपेशनल थेरपी त्यातच येते. पदवी कुठल्या विद्यापीठाची, तुमच्या नोंदणीत ती चढेल का, हे थेरपिस्टांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्य कौन्सिलला विचारा. प्रवेशाच्या खिडकीवर नको, तिथं सगळ्यालाच हो म्हणतात.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. सरकारी बँकेत शैक्षणिक कर्ज मागून बघा. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, हप्तेही शिक्षण संपल्यावर सुरू होतात. बँक मान्यतेचे कागद मागेल. संस्थेला ते देता आले नाहीत, तर तुमचं उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं. व्याजावरच्या करसवलतीचं आमिष मात्र हिशेबात धरू नका. ती जुन्या करपद्धतीत मिळते आणि तुमच्या ४ लाख ८० हजारांवर नव्या पद्धतीत कर लागतच नाही.

मास्टर्स करायचंच असेल तर राज्याच्या सीईटीची तयारी करा आणि मुंबईतल्या महापालिकेच्या कॉलेजात पूर्णवेळ जागेसाठी प्रयत्न करा. पगार बुडेल, म्हणून आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तोवर सेन्सरी इंटिग्रेशनसारखा (स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदना मुलाला नीट हाताळता याव्यात यासाठीची थेरपी) छोटा सर्टिफिकेट कोर्स करून सेशनचा दर सहाशे करता येतो का ते बघा. महिन्याला २४ सेशन्स धरली तर २,४०० रुपये वाढतात, आणि रविवारची घरंही सुटत नाहीत.