'पुन्या' आणि आपलं 'पुण्य'

प्रश्न असा: मलेशियातल्या मलाक्का शहरात एका चिनी माणसाच्या तोंडी 'माझं घर' या अर्थी 'गुआ पुन्या रुमाह' ऐकलं. मलयच्या पुस्तकात मात्र 'रुमाह साया' आहे. हा 'पुन्या' आपल्या 'पुण्य'वरून आला का?

नाही. 'एम्पु' म्हणजे धनी. त्याला 'न्या' ('त्याचा') हा प्रत्यय लागून 'एम्पुन्या' झालं आणि त्याचं तोकडं रूप 'पुन्या'. संस्कृत दडलंय ते पुस्तकातल्या वाक्यात! 'साया' (मी) हा 'सहाया'चा झिजलेला अवतार, मूळ 'सहाय', म्हणजे सोबती. मलयमध्ये त्याचा अर्थ सेवक झाला, आणि नम्रतेने स्वतःला सेवक म्हणता म्हणता 'मी'. 'गुआ' मात्र होक्कियन या चिनी बोलीतला 'मी'. 'लू' (तू) हाही तिथलाच.

खरी मौज शब्दक्रमात आहे. प्रमाण मलयमध्ये वस्तू आधी, मालक नंतर. होक्कियनमध्ये मालक आधी, मग 'ए' हा प्रत्ययासारखा शब्द, मग वस्तू. मलाक्का-सिंगापूरच्या बाबा-न्योन्या (पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थायिक झालेल्या) चिनी घरांनी शब्द मलय घेतले, पण या 'ए'च्या जागी 'पुन्या' बसवला. तो थेट आपल्या चा-ची-चे सारखा चालतो, फक्त लिंग-वचनाने बदलत नाही. विशेषणवाक्यही तसंच पुढे येतं: 'तिने घेतलेला सदरा' प्रमाण भाषेत 'बाजु यांग दिया बली', बाबा मलयमध्ये (या घरांच्या बोलीत) 'दिया बली पुन्या बाजु'. म्हणून मराठी माणूस मलय शिकताना नकळत याच वळणावर जातो. बोलण्यात खपतं, कारण बाजारी मलयमध्येही 'पुन्या' सर्रास आहे. परीक्षेत किंवा अर्जात चूक धरतात.

उच्चारही हलके होतात: 'हारी' (दिवस) चं 'आरी', 'हाबिस' (संपलं) चं 'आबिस', 'पाकाय' (वापरणे) चं 'पाके'. मिशनरी विल्यम शेलाबेअर यांनी 1913 मध्येच या बोलीवर सविस्तर लेख लिहिला होता. पेनांगच्या बाबा घरांत मात्र उलट प्रकार: तिथे बोली होक्कियनच, त्यात मलय शब्द पेरलेले.

एक सावधगिरी. 'गुआ-लू' मलेशियात अनोळखी माणसाला किंवा वडीलधाऱ्यांना वापरलं तर उद्धट वाटतं. तिथे 'साया' म्हणावं आणि समोरच्याला नात्याच्या शब्दाने किंवा 'एन्चिक' (श्रीयुत) म्हणून हाक मारावी. जाकार्तात हीच जोडी 'गुए-लो' होऊन तरुणांच्या रोजच्या बोलण्यात बसली आहे, चिनी असोत वा नसोत.